रामनदीचं पाणी कोणत्या वॉर्डात?

पुण्याच्या पश्चिमेला भुकूमजवळ, खाटपेवाडीच्या डोंगरउतारांवर रामनदी उगम पावते. भूगावचा मानस तलाव, बावधन, पाषाण तलाव, सुतारवाडी, सोमेश्वरवाडी असं करत औंध-बाणेरच्या बाजूला ती मुळेला मिळते. लांबी वीस किलोमीटरही नाही. पण एवढ्याशा वाटेत तिच्यावर हक्क आणि जबाबदारी सांगणारे किती! वर ग्रामपंचायती आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), खाली महापालिका, टेकड्यांवर वन विभाग, पूररेषेसाठी जलसंपदा विभाग, शिवाय काठालगतच्या सरकारी संस्था आणि असंख्य गृहसंकुलं. 2021 मध्ये बावधन बुद्रुक आणि आणखी काही गावं महापालिकेत आली आणि कागदावरची हद्द एका रात्रीत सरकली. पाणी मात्र आधी ज्या उतारावरून येत होतं, त्याच उतारावरून येत राहिलं.

ज्या भूभागावर पडलेला पाऊस शेवटी एकाच प्रवाहात येतो, तो त्या प्रवाहाचा पाणलोट. त्याची सीमा ठरते टेकडीच्या माथ्यावर. शहरात पाणलोटाचं गणित कसं बिघडतं ते पाहू. एक हेक्टर जमिनीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते 10 लाख लिटर पाणी होतं. गवताळ, मातीचा थर शाबूत असलेल्या उतारावरून त्यातलं साधारण पाव ते एक तृतीयांश वाहून जातं, बाकीचं मुरतं किंवा थबकतं. त्याच जागी छप्पर, डांबर आणि पेव्हर ब्लॉक आले की नऊ लाखांच्या आसपास वाहून जातं. शिवाय ते भराभर येतं. पूर्वी दोन-तीन तासांत पसरून येणारं पाणी अर्ध्या तासात ओढ्यात उतरतं, आणि पूर येतो तो मुख्यतः या घाईमुळे. ऑक्टोबर 2010 च्या पावसात रामनदीने हे दाखवून दिलं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्याच्याच दक्षिण भागातल्या आंबिल ओढ्याने ते फार भयंकर रीतीने दाखवलं. त्या रात्री पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली.

अशा पुरानंतर ठरलेली मागणी येते: आमच्या बाजूला सीमाभिंत बांधून द्या. मागणी समजण्यासारखी आहे, पण भिंतीमुळे पाणी कमी होत नाही. ते आणखी वेगाने पुढच्या सोसायटीच्या दारात जातं. मग पुढचेही भिंत मागतात, आणि पात्र अरुंद होत होत त्याचा नाला बनतो. इथे प्रत्येकाने आपापल्यापुरता शहाणपणा केला, तर सगळ्यांचं मिळून नुकसानच होतं.

जमिनीखाली प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे, आणि मला वाटतं, जास्त महत्त्वाचंही. पुणं बेसाल्टवर वसलंय. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला हा खडक. काही थर सच्छिद्र, काही भेगाळलेले, काही इतके घट्ट की पाणी आत शिरतच नाही. भेगाळलेल्या थरातून झिरपलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं, आडवं सरकतं आणि उतारावर कुठेतरी झऱ्याच्या रूपात बाहेर पडतं. म्हणून एका संकुलाने गच्चीवरचं पाणी नेकीने जमिनीत सोडलं, तरी ते त्यांच्याच बोअरमध्ये येईल याची हमी नाही. ते दोन गल्ल्या पलीकडच्या बोअरमधून टँकरमध्ये जाऊ शकतं. पुण्यातल्या अ‍ॅक्वाडॅम या भूजलसंस्थेच्या 2019 च्या अंदाजानुसार शहर वर्षाला सुमारे 4 टीएमसी (अब्ज घनफूट) भूजल उपसतं. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा दोन टीएमसीहून थोडा कमीच आहे. म्हणजे दोन खडकवासल्यांएवढं पाणी आपण खालून काढतो, आणि त्यासाठी ना पाणीपट्टी, ना धरणाचं पाणी वाटून देणाऱ्या कालवा समितीची बैठक.

यावर तोडगा खेड्याने आधी काढलाय. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पाऊस मोजून गावाचं पाण्याचं अंदाजपत्रक मांडतात, आणि पीक त्यावर ठरतं. तिथे ते जमतं, कारण कुणाच्या विहिरीला किती पाणी आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. शहरात शेजारच्या इमारतीला किती बोअर आहेत, हेही आपल्याला माहीत नसतं. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात पाणलोटनिहाय समितीची कल्पना आहे. पण ती वाचताना डोळ्यांसमोर शेत आणि विहीर येते. चौदा मजली टॉवर आणि त्याचा बिल्डर येत नाही.

म्हणून शहरी पाणलोटाच्या नियोजनाची सुरुवात वास्तुविशारदाच्या रंगीत चित्रापासून होऊ नये. नदीकाठचे जॉगिंग ट्रॅक आणि कारंजी नंतर बघू. आधी सगळ्यांना मान्य असलेली एक नोंद हवी: कुठे झरे आहेत, कुठल्या भागात पाणी मुरतं, कुठल्या बोअरची पातळी दिवाळीत किती आणि मे महिन्यात किती, कुठल्या चेंबरमधून मैलापाणी ओढ्यात सुटतं. हे एका खात्याला जमणारं नाही. बावधनमध्ये रहिवाशांनी भूजलतज्ज्ञांबरोबर असं काम केलं, तेव्हा वादाची भाषा थोडी बदलली. ‘आमचं पाणी’च्या जागी ‘या थरातलं पाणी’ असं बोलता येऊ लागलं.

नोंद झाली की खरं भांडण सुरू होतं, आणि ते व्हायलाच हवं. पुण्याच्या टेकड्यांवरचं जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण हे त्याचं उदाहरण. साडेनऊशे हेक्टरांहून अधिक जमिनीवर बांधकाम नको, यासाठी नागरिक गट वर्षानुवर्षं लढले आणि 2015 मध्ये राज्य सरकारने ते मान्य केलं. पाणी मुरण्याच्या दृष्टीने निर्णय योग्यच. पण ज्याची जमीन त्या आरक्षणात गेली, त्याला मिळणारा टीडीआर (जमिनीच्या मोबदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) तुटपुंजा वाटतो, आणि त्याची तक्रार खोटी नाही.

रामनदीवर हाच हिशेब लांबीभर मांडावा लागेल. भुकूमच्या शेतकऱ्याने उतार मोकळा ठेवला, तर पुरापासून वाचणार बाणेरचं तळघर आणि भरणार पाषाणचं बोअर. म्हणजे मोबदल्याचा काही वाटा खालच्यांनी उचलायला हवा. मालमत्ता करातून, टँकरवरच्या आकारातून किंवा आणखी कशातून, ते बसून ठरवता येईल. आज मात्र भुकूमची ग्रामपंचायत आणि बाणेरची सोसायटी एकमेकांसमोर बसतील, अशी बैठक बोलावण्याचं काम कोणत्याच कार्यालयाकडे नाही.