किसलेल्या चीजचं मूळ गाव

पार्मिजानो रेज्जानो या इटलीतल्या कडक चीजच्या अख्ख्या चाकाच्या सालीवर ठिपक्याठिपक्यांनी त्याचं नाव उमटवलेलं असतं. चीज किसून पाकिटात भरलं की साल जाते आणि तिच्याबरोबर पुरावाही जातो. 1996 मध्ये युरोपीय कायद्यानं हे नाव इटलीतल्या पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि बोलोन्या व मांतोवाच्या काही भागापुरतं राखून ठेवलं. मग पाकिटातला कीस खरोखर तिथलाच, हे सिद्ध कसं करायचं? याची तयारी दुधाशी काही संबंध नसलेल्या विषयांत आधीच झाली होती.

1931 मध्ये हॅरॉल्ड यूरी यांनी जड हायड्रोजन, म्हणजे हायड्रोजनचाच पण जास्त वजनाचा अणू, शोधला. 1961 पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना जगभरचं पावसाचं पाणी तपासू लागल्या. 1964 मध्ये डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांनी त्यातली शिस्त उलगडून दाखवली: जड अणूंचं पाणी आधी बरसतं, म्हणून समुद्रापासून दूर, उंचावर आणि थंडीत पडणाऱ्या पावसात जड अणू कमी होत जातात. तेच पाणी गाय पिते, त्याच पाण्यावर तिचा चारा वाढतो, आणि त्याची खूण दुधात उतरते.

दुसरा धागा कार्बनचा. ऊस, मका, ज्वारी ही पिकं कार्बन वेगळ्या मार्गानं बांधतात, हे 1966 मध्ये हॅच आणि स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात मांडलं. या पिकांत जड कार्बन इतर बहुतेक वनस्पतींपेक्षा, म्हणजे युरोपातल्या गवतापेक्षाही, जास्त असतो. अमेरिकेत मधात मक्याचा पाक मिसळणारे 1970 च्या दशकात याच फरकामुळे पकडले जाऊ लागले.

दुग्धपदार्थांची पाळी उशिरा आली. 2000 मध्ये जर्मनीच्या आंद्रेआस रोसमान यांच्या गटानं लोण्याचा प्रदेश ओळखण्याचा प्रयत्न केला. चीजमध्ये अडचण अशी, की किमान 12 महिने मुरताना त्यातलं बरंच पाणी उडून जातं. म्हणून केसिन हे प्रथिन वेगळं काढून त्यातल्या हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन आणि गंधकाच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण मोजतात. इटलीत सान मिकेले इथल्या संशोधक फेदेरिका कामिन आणि सहकाऱ्यांनी हे काम चिकाटीनं पुढे नेलं. 2012 मध्ये त्यांनी मूलद्रव्यांच्या प्रमाणांची जोड देऊन किसलेलं पार्मिजानो नकलांपासून वेगळं करता येतं, हे दाखवलं. त्यांना एक गोष्ट अनुकूल होती. पार्मिजानोच्या गायींना मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) चालत नाही, शेजारच्या ग्राना पादानो या तशाच चीजच्या गायींना मक्याचा मुरघास चालतो, आणि तो फरक कार्बनमध्ये उतरतो.

आपल्याकडे कडबा, मका, उसाचं वाढं हे सगळंच जड कार्बनचं. त्यामुळे एकट्या कार्बनवरून सांगली आणि सोलापूरचं दूध वेगळं काढणं कठीण.

हे तंत्र गावाचं नाव सांगत नाही. नमुना अस्सल चीजच्या खात्रीच्या नोंदींत बसतो की नाही, एवढंच सांगतं. पाऊस आणि चारा दर वर्षी बदलतो, म्हणून अस्सल चीजच्या त्या नोंदी सतत नव्यानं भराव्या लागतात, आणि माझ्या मते या पद्धतीची खरी ताकद यंत्रापेक्षा त्या नोंदींतच आहे.