पर्शियन की सयामी? रूपामागचं शरीर समजून घ्या

मांजर पाळायचं ठरलं की बहुतेकांची निवड फोटोवरूनच होते. एका फोटोत लोकरीच्या गुंड्यासारखं, बसक्या नाकाचं पर्शियन. दुसऱ्यात दुधाळ अंगाचं, काळ्या कानांचं, निळ्या डोळ्यांचं सयामी. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली भरलेल्या गाजलेल्या मांजर-प्रदर्शनातही या दोन्ही जाती होत्या. तेव्हापासून लोक त्यांच्या रूपाला भुलत आले आहेत. पण ज्या रूपावर आपण भाळतो, ते त्या जिवाला कितीला पडतं, हे दोघांच्या बाबतीत फार वेगळं आहे. निवडीआधी हे माहीत असायलाच हवं.

सयामीचं पिल्लू जन्मतं तेव्हा जवळजवळ पांढरं असतं. केसांना रंग देणारं मेलॅनिन तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं. सयामीत या विकराच्या जनुकात एक बारीकसा बदल झालेला आहे आणि त्यामुळे ते उबेत नीट कामच करत नाही. मांजराच्या शरीराचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. आईच्या पोटात तर सगळीकडे ऊबच, म्हणून पिल्लू फिकं जन्मतं. मग कान, नाक, पंजे आणि शेपटी हे अंगापेक्षा थंड राहणारे भाग हळूहळू गडद होऊ लागतात. सोनोग्राफीसाठी पशुवैद्यांनी सयामीच्या पोटावरचे केस भादरले, तर उघडी पडलेली कातडी थोडी थंडावते आणि तिथे नवे केस गडद रंगाचे येऊ शकतात. घाबरायचं कारण नाही. पुढे केस गळून नवे आले की तो डाग सहसा जातो. सयामी म्हणजे अंगावर तापमानाचा नकाशा घेऊन फिरणारं मांजर, आणि मला ही प्राणिजगतातली एक विलक्षण सुंदर गोष्ट वाटते.

डोळ्यांचा निळा रंगही याच बदलातून येतो. डोळ्याची जडणघडण होताना मेलॅनिन कमी पडलं की दृष्टिपटलाकडून मेंदूकडे जाणारे काही मज्जातंतू चुकीच्या बाजूला वळतात. काही सयामी मांजरं तिरळी दिसतात, त्याचं मूळ इथे आहे. दृष्टीवरच्या संशोधनासाठी १९८१ साली नोबेल मिळालेल्या ह्युबेल आणि वीझेल यांनी सयामी मांजरांच्या मेंदूतल्या या उलटसुलट जोडणीचा बारकाईने अभ्यास केला होता. पण तिरळेपणा असला तरी मांजराचं रोजचं जगणं सहसा अडत नाही.

पर्शियनचं तसं नाही. लांब केसांचा हिशेब सोपा आहे: केसांची वाढ थांबवण्याचा निरोप देणारं एफजीएफ५ हे जनुक निकामी झालेलं असतं, म्हणून केस वाढतच राहतात. रोज विंचरले नाहीत तर काखेत आणि पोटाखाली त्यांच्या घट्ट गाठी होतात, कातडी ओढली जाते, दुखते. हे कष्ट आपले, आणि ते करता येतात. चेहऱ्याचं मात्र काहीच करता येत नाही. जुन्या चित्रांतल्या पर्शियनला ठळक नाक दिसतं. पैदास करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चपट्या तोंडाची मांजरं निवडत नेली आणि नाक डोळ्यांच्या रेषेत जाऊन बसलं. अशा मांजराचा चेहरा जवळून पाहा. नाकपुड्या म्हणजे दोन बारीक चिरा. अश्रू नाकात नेणारी नळी वाकलेली, त्यामुळे डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकाच्या कडेने उतरलेला तपकिरी ओघळ. खोबणी उथळ, म्हणून डोळे पुढे आलेले आणि बुबुळाला इजा व्हायला सोपे. जबडा आखूड, पण दात तेवढेच. ते वेडेवाकडे दाटीने बसतात. उकाडा आणि भूल या दोन्ही गोष्टी अशा मांजराला जास्त धोक्याच्या.

पर्शियन शांत असतं असं सगळेच सांगतात आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण चपट्या तोंडाच्या मांजरांच्या एका अभ्यासात श्वासाचा त्रास आणि कमी हालचाल यांचा संबंध दिसला आहे. ज्याला आपण निवांत स्वभाव म्हणतो, त्यातला काही भाग दम न पुरण्याचा असू शकतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पर्शियनच हवं असेल तर नाक उठून दिसणारं घ्या. तोंड जितकं चपटं तितकं मांजर अस्सल, ही समजूत सोडून द्या.

याशिवाय पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. सदोष जनुकाची एकच प्रत पुरते. म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडे ती असली तरी प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता निम्मी. गाठी लहानपणापासून असतात, हळूहळू वाढतात आणि लक्षणं दिसायला बऱ्याचदा कित्येक वर्षं लागतात. २००४ साली हा दोष नेमका कुठे आहे ते सापडलं आणि आता गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून त्याची चाचणी होते. पिल्लाच्या आईबापांचा हा अहवाल मागा. तो दाखवायला जो कां-कूं करेल, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका.

सयामीची अडचण शरीरापेक्षा स्वभावात आहे. ती बोलते, मोठ्याने आणि सतत. दाराआडून, मध्यरात्री, ताटली रिकामी दिसली म्हणून. माणसाला ती इतकी चिकटते की दिवसभर रिकाम्या घरात एकटी राहिली तर कासावीस होते; काही सयामी मांजरं लोकरीचे कपडे चघळू लागतात, तुकडे गिळलेच तर आतडं अडू शकतं. घरातले सगळे सकाळी बाहेर पडून रात्रीच परतत असतील तर एकटी सयामी आणू नये. दोन पिल्लं एकत्र आणली तर गोष्ट वेगळी. उलट घरी कुणीतरी असतं, खेळायला वेळ आहे, आवाजाचा त्रास वाटत नाही, अशा घरात तिच्यासारखी सोबत नाही.

जातीवरून स्वभावाचा अंदाज येतो, खात्री मिळत नाही. फिनलंडमध्ये हजारो मांजरांच्या पाहणीतून २०१७ साली असं दिसलं, की आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली पिल्लं पुढे जास्त आक्रमक होतात, तर चौदा आठवड्यांनंतर वेगळी केलेल्यांत वागण्याच्या तक्रारी कमी असतात. त्यामुळे पर्शियन असो की सयामी, सहा आठवड्यांचं पिल्लू कुणी ‘आत्ताच घेऊन जा’ म्हणत हातात देऊ लागलं, तर ते आईजवळच राहू द्या आणि दोन महिन्यांनी पुन्हा या.