नवं नाटक बघा, असं आपल्याकडे कोण सांगतं?

नव्या लेखकांची ‘चुकवू नयेत अशी’ नाटकं सांगणाऱ्या याद्या हल्ली फोनवर सारख्या येतात. त्यातल्या निम्म्या नाटकांचा पुढचा प्रयोग कधी आणि कुठे, हे यादी करणाऱ्यालाही माहीत नसतं, ते सोडून देऊ. या याद्या नव्या वाटतात, कारण मराठीत नवा नाटककार सुचवण्याचं काम प्रेक्षकांनी किंवा समीक्षकांनी फारसं केलेलंच नाही. गेली साठ-सत्तर वर्षं ते प्रामुख्यानं स्पर्धांच्या परीक्षकांनी केलं आहे. आज या याद्यांत कुणाचं नाव आहे आणि कुणाचं नाही यावर हमरीतुमरी चालते; ती समजून घ्यायची तर आधी त्या परीक्षकांकडे पाहावं लागतं.

त्याआधीचा काळ थोडक्यात आटोपता येतो. १८४३ला सांगलीत सुरुवात झाली, तेव्हापासून ते नाटक मंडळ्या मोडकळीला येईपर्यंत नाटक निवडायचा तो कंपनीचा मालक. लेखक बहुधा कंपनीशी बांधलेला किंवा मालकाच्या ओळखीतला. कंपनीचं नाव हीच नाटकाची हमी असल्यामुळे ‘हा नवा लेखक बघा’ असं वेगळं सांगण्याची गरज पडत नव्हती. बोलपट आले, मंडळ्या बसल्या आणि हमी देणारं कुणी उरलं नाही.

ती जागा १९५४ साली सरकारनं भरली. तेव्हाच्या मुंबई राज्यानं हौशी संघांसाठी नाट्यस्पर्धा सुरू केली, आणि बँकेत, शाळेत, वीज मंडळात नोकरी करून रात्री तालमी करणाऱ्या माणसांच्या नाटकाला बाहेरगावचे तीन परीक्षक समोर बसून पाहू लागले. जिल्ह्याच्या गावातल्या लेखकाला याआधी असा प्रेक्षक मिळाला नव्हता. पुढं गोव्यात कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेनं तेच केलं. मात्र त्यातून एक खोडही लागली. नाटक स्पर्धेसाठी बसवायचं, प्राथमिकला एक प्रयोग, नंबर आला तर अंतिमला दुसरा, आणि मग सेट कुणाच्या तरी माळ्यावर. ज्याची शिफारस झाली ते नाटक पाहायचं म्हटलं तर ते संपलेलं असायचं. आजही राज्य नाट्य स्पर्धेतल्या कितीतरी नाटकांचं हेच होतं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी मोजत नाही. प्रयोगाआधी संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यायचं, म्हणजे हौशी मंडळींच्या भाषेत ‘डीआरएम नंबर काढायचा’. त्यामुळे नव्या नाटकाचा पहिला अधिकृत वाचक सरकारनं नेमलेला असतो. तो शिफारस करत नाही, फक्त हरकत आहे की नाही एवढं सांगतो. संघाबाहेरच्या माणसानं संहिता नुसती वाचून मत द्यावं, याचा आपल्याकडचा बहुतेकांचा अनुभव एवढाच.

याला अपवाद झाला तो दादरच्या एका शाळेच्या सभागृहाचा. १९७४ पासून छबिलदासला प्रायोगिक नाटकं होऊ लागली, आणि काही वर्षांतच लोक नाटकाचं नाव न विचारता ‘छबिलदासला काय आहे?’ असं विचारू लागले. हा फरक मोठा होता. इथं शिफारस एखाद्या नाटकाची किंवा लेखकाची नव्हती, जागेची होती. लेखकाचं नाव कानावर नसलं तरी तिकीट परवडणारं होतं आणि फसलेलं नाटक पाहायचीही प्रेक्षकांची तयारी होती. त्या तयारीमुळेच नव्या लेखकाला दुसरं नाटक लिहायला मिळालं. नव्वदीच्या सुरुवातीला ते सभागृह सुटलं, चळवळ माहीमच्या शाळेत गेली, आणि जागेच्या नावावर नाटक बघायची सवय हळूहळू विरली. पुण्यात शनिवार पेठेतल्या छोट्या मंचानं ती बरीच वर्षं टिकवली, हे मुंबईकर सहसा सांगत नाहीत.

ऐंशीच्या दशकात पुण्यात लेखकांसाठी एक योजनाही झाली. बाहेरच्या फाउंडेशनचा पैसा होता. नाटककारांना एकत्र बसवायचं, वाचन करायचं, पुन्हा लिहायला लावायचं. २०००नंतर मुंबईत लंडनच्या एका नाट्यगृहाच्या मदतीनं असंच काम झालं, त्यात मराठी लेखकही होते. दोन्हींमध्ये संहितेला प्रयोगाआधी वाचक मिळाला. पैसा थांबला तसं तेही थांबलं. पाहुण्यांच्या पैशानं आलेली पद्धत आपण आपल्या पैशानं पुढं चालवली नाही, यावर फार बोललं जात नाही.

बाकी सगळा भार एकांकिका स्पर्धांनी उचलला. पुण्यात १९६३ साली महाविद्यालयांसाठीची पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा सुरू झाली. भरत नाट्य मंदिरातली नऊ संघांची अंतिम फेरी आणि तिथली ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही आरोळी अनेकांच्या ओळखीची. मुंबईत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत्याच. मग प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा आली. इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकाच तिथं घेतल्या जातात, म्हणजे परीक्षकांनी केलेल्या शिफारशींची पुन्हा परीक्षकांकडून शिफारस. २०१४ पासून एका वृत्तपत्राची राज्यभरची स्पर्धा त्यात मिळाली. तोपर्यंत व्यावसायिक निर्माते स्पर्धांच्या अंतिम फेऱ्यांना येऊन बसू लागले होते. पन्नास मिनिटांचं चांगलं सापडलं की ‘याचं दोन अंकी कर’ हा निरोप विंगेतच मिळायचा.

ते काही वेळा फार छान जमलं. नाशिकच्या एका तरुण लेखकाची ‘देवबाभळी’ स्पर्धांमध्ये गाजली, २०१७च्या डिसेंबरमध्ये संगीत नाटक म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर आली आणि २०२०चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिच्या संहितेला मिळाला. अनेकदा मात्र एका अंकाचा जीव दोन अंकांत ताणला गेला, मध्यंतरानंतर गाणी आणि आठवणी आल्या, आणि लेखकाच्या नावावर पहिल्याच फटक्यात ‘चाललं नाही’ असा शिक्का बसला. एकांकिका चांगली लिहिणारा पूर्ण नाटकही चांगलं लिहील, हे गृहीत स्पर्धांच्या व्यवस्थेतून आलं. ते कधी तपासलं गेलं नाही.

ही सगळी व्यवस्था एकदाच उघड्यावर आली, २०२२च्या सप्टेंबरमध्ये. पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी जाहीर केलं की करंडक मिळावा अशी एकही एकांकिका नाही. क्रमांक लागले, करंडक मात्र कोणालाच नाही; अभिनयाची काही पारितोषिकंही राखून ठेवली गेली. असं पहिल्यांदाच घडत होतं. पुढचे आठ-दहा दिवस समाजमाध्यमांवर आणि वर्तमानपत्रांत दुसरा विषय नव्हता.

परीक्षकांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा साधा होता. करंडक ही पातळी आहे, दर वर्षी कुणी तरी ती गाठलीच पाहिजे असं नाही. आलेल्यांतलं त्यातल्या त्यात बरं निवडून त्यालाच उत्तम म्हणायचं, तर पुढच्या मुलांची फसवणूक होते. यात तथ्य आहे. स्पर्धेत कसं लिहिलं की नंबर येतो याचे ठोकताळे महाविद्यालयांत वर्षानुवर्षं एका बॅचकडून दुसरीकडे जात आहेत. शेवटी ब्लॅकआऊट कुठं, सामूहिक हालचाल कुठं, गावाकडची बोली कितपत, सगळं ठरलेलं. त्या साच्याला कुणी तरी नाही म्हणायला हवंच होतं.

विरोधकांचे मुद्दे दोन जातींचे होते आणि चर्चेत ते सतत मिसळले गेले. पहिला, ही मुलं शिकताहेत, स्पर्धा प्रोत्साहनासाठी आहे. हा मुद्दा भावनिक आहे आणि मला तो फार पटलेला नाही. विशीतल्या लेखकाला थेट नकार झेपत नाही असं मानणं, हाही एक प्रकारचा कमीपणाच. दुसरा मुद्दा नियमाचा होता आणि त्याला नीट उत्तर मिळालं नाही. स्पर्धा म्हणजे तुलना. पन्नासेक संघांतून नऊ निवडताना प्राथमिक फेरीच्या परीक्षकांनी तुलनाच केली होती. मग अंतिमला येऊन तुलनेऐवजी निरपेक्ष मोजपट्टी कशी लागू झाली? आणि ती पट्टी आधी सांगितली होती का? परीक्षकांचा निर्णय अंतिम, हे वाक्य प्रत्येक प्रवेशअर्जावर असतं. त्यानं वाद मिटतो, प्रश्न मिटत नाही.

पण या प्रकरणातलं सर्वांत बोलकं दुसरंच होतं. इतके दिवस वाद चालला, पण त्या नऊ एकांकिका कशाबद्दल होत्या हे सांगणारा मजकूर शोधावा लागत होता. जो तो परीक्षकांवर लिहीत होता, आयोजकांवर लिहीत होता, आजच्या पिढीच्या वाचनावर तर हमखास लिहीत होता. नऊ नव्या लेखकांपैकी एखाद्याचं तरी नाव घेऊन ‘करंडक नसेना का, पण हे बघा’ असं म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. परीक्षकांनी शिफारस करायचं नाकारल्याबरोबर शिफारसच बंद पडली, कारण ती करणारं दुसरं कुणी उभंच केलेलं नव्हतं. निकालाबद्दल परीक्षकांना बोल लावणं सोपं गेलं. आपण प्रेक्षक म्हणून काय करत होतो, हे त्या चर्चेत आलं नाही.

आताच्या याद्या बऱ्याच अंशी त्यानंतरच्या आहेत. पुण्यात हिराबागेत आणि एरंडवण्यात लहान, खुर्च्या हलवता येतील अशा नव्या जागा उभ्या राहिल्या. तिथं एका नाटकाचे लागोपाठ चार-सहा प्रयोग लागू शकतात, म्हणजे पहिल्या दिवशी पाहिलेल्यानं सांगावं आणि दुसऱ्यानं रविवारी जावं, एवढी उसंत नाटकाला मिळते. वर्तमानपत्रांतलं परीक्षण आखडलं आहे, तिकीट मोबाइलवर निघतं, आणि ‘माऊथ पब्लिसिटी’ हा व्यावसायिक निर्मात्यांचा जुना शब्द आता मेसेज पुढं ढकलण्यासाठी वापरला जातो. यात गोम अशी की याद्या करणारे बहुतेक पुण्या-मुंबईचेच आहेत आणि पाहिलेलंच सुचवतात. जालना, अकोला, सावंतवाडीचा लेखक त्यांच्या यादीत येतो तो तिथला संघ कधी तरी पुण्यात प्रयोग करून गेला असेल तरच. या बाबतीत जुने परीक्षक निदान एसटीनं तिथं जात तरी होते.

छापील संहितांचीही अडचण आहेच. नव्या नाटककाराचं पुस्तक निघतं ते प्रयोग गाजल्यावर, त्यामुळे ज्यानं पाहिलं नाही त्याला वाचूनही मत बनवता येत नाही. मधल्या मध्ये एक जुनी वाट मात्र चालू आहे. दुसऱ्या गावचा संघ लेखकाला फोन करतो, संहिता मागवतो आणि राज्य स्पर्धेच्या आपल्या केंद्रावर ती बसवतो. बुलढाण्यातल्या कुणाचं नाटक रत्नागिरीच्या संघानं निवडावं, पदरचे पैसे आणि दोन महिन्यांच्या संध्याकाळी त्यावर घालाव्यात, याहून थेट शिफारस कुठल्या यादीत सापडणार नाही. तिची नोंद राज्य स्पर्धेच्या अर्जाला जोडलेल्या लेखकाच्या परवानगीपत्रात होते. मानधनाचा रकाना पुष्कळदा रिकामा असतो, आणि ते पत्र स्पर्धा संपली की फाइलमध्ये जातं.