लुचियाचं वेड : एका प्रवेशाची पार्श्वभूमी

इटालियन संगीतकार दोनित्सेत्तीच्या 'लुचिया दी लाम्मरमूर' या ऑपेरातला वेडाचा प्रवेश लोकांच्या लक्षात राहतो तो एका जुगलबंदीमुळे. वाद्यवृंद थांबतो, लुचियाचा गळा आणि बासरी एवढंच उरतं. एकाने तान टाकायची, दुसऱ्याने उचलायची, मग दोघांनी जोडीने वर चढत जायचं. ही जुगलबंदी दोनित्सेत्तीची नाही. ऑपेराचा पहिला प्रयोग २६ सप्टेंबर १८३५ रोजी नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहात झाला. बासरीबरोबरची लांबलचक कॅडेन्झा, म्हणजे साथ थांबवून घेतलेली ही तानांची जागा, १८८९मध्ये पॅरिसला नेली मेल्बा या गायिकेसाठी रचली गेली, तिची गुरू मातिल्द मार्केसी हिच्या तालमीत. तोवर संगीतकाराला जाऊन ४१ वर्षं झाली होती. शेवटचा तो टिपेचा ई फ्लॅटही गायिकांनीच मागाहून घातला. लुचियाचं वेड म्हणून आपण जे ऐकतो, त्यावर असे बरेच हात फिरले आहेत, आणि दर वेळी मूळची मुलगी थोडी आणखी झाकली गेली आहे.

ती मुलगी खरी होती. जॅनेट डॅलरिम्पल, स्कॉटलंडमधले मोठे कायदेपंडित जेम्स डॅलरिम्पल यांची लेक. तिने लॉर्ड रदरफर्डला लग्नाचं वचन दिलं होतं. आईने ते मोडायला लावलं आणि १६६९मध्ये डेव्हिड डनबार याच्याशी तिचं लग्न लावून दिलं. लग्नाच्या काही आठवड्यांतच ती गेली. नवरा त्यानंतर बरीच वर्षं जगला. पहिल्या रात्री खोलीत काय झालं, याच्या मात्र नुसत्या दंतकथा आहेत. कुणी म्हणतं तिने नवऱ्याला भोसकलं, कुणी म्हणतं आधीचा प्रियकर खोलीत लपून बसला होता.

यातली पहिली कथा घेऊन वॉल्टर स्कॉटने १८१९मध्ये 'द ब्राइड ऑफ लॅमरमूर' ही कादंबरी लिहिली. तीत लोक दार उघडून आत शिरतात तेव्हा नवरा रक्तात पडलेला असतो आणि लूसी, म्हणजे ऑपेरातली लुचिया, शेकोटीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली सापडते. तिला बाहेर नेताना ती एकच वाक्य बोलते, तेही गावंढळ स्कॉट बोलीत : उचललात ना तुमचा तो देखणा नवरदेव! पुढे एक शब्द नाही. झटके येतात आणि ती मरते. ऑपेरात याच जागी गायिकेला पाव तासाचं गाणं मिळालं.

संहिता लिहिणाऱ्या साल्वादोरे काम्मारानोने आणखी दोन बदल केले. कादंबरीत मुलीवर जुलूम करणारी आई आहे. ऑपेरात आई आधीच वारलेली असून ते काम भाऊ एन्रिकोकडे येतं. प्रियकर एद्गार्दो बेइमान झाला असं पटवायला तो बहिणीला खोटं पत्र दाखवतो. आणि कादंबरीतला नवरा वाचतो, ऑपेरातला आर्तुरो मरतो.

खून पडद्याआड होतो. लग्नाच्या पाहुण्यांना तो धर्मगुरू रायमोंदो येऊन सांगतो, आणि मग लुचिया येते, अंगावर पांढरा रात्रीचा पोशाख, केस मोकळे, कपड्यांवर रक्त. प्रवेशाची बांधणी चार भागांची आहे. आधी तुटक बोलण्यासारखं गाणं, 'इल दोल्चे सुओनो', म्हणजे 'तो गोड सूर' : तिला एद्गार्दोचा आवाज ऐकू येतो, आणि पहिल्या अंकातल्या त्यांच्या युगुलगीताची चाल वाद्यांतून डोकावते. मग ती मनातल्या मनात त्याच्याशी लग्न लावते, धूप जळतोय, दिवे लागलेत. हा संथ भाग. मध्येच भाऊ येतो, त्याला सारं कळतं, तो हादरतो. शेवटी जलद कॅबालेत्ता, 'स्पार्जी दामारो प्यांतो'. विलंबितानंतर द्रुत यावी तसा हा क्रम, आणि त्या काळच्या इटालियन ऑपेरात शहाणी नायिकाही याच क्रमाने गायची. साचा जराही ढळत नाही. वेड दिसतं ते साच्याच्या आतल्या तानांत, अचानक सुटणाऱ्या ओळींत आणि समोर नसलेल्या माणसाशी चाललेल्या बोलण्यात.

पट्टीही बदलली. दोनित्सेत्तीने प्रवेश एफ मेजरमध्ये लिहिला होता. छापील प्रतींतून रूढ झाला तो ई फ्लॅट मेजर. आपल्या भाषेत पांढरी चारवरून काळी दोनवर. पूर्ण सुराने खाली आल्यामुळे शेवटी वरचा ई फ्लॅट लावायला गायिकांना वाव मिळाला.

वाद्याची गोष्ट याहून बोलकी आहे. दोनित्सेत्तीला इथे बासरी नकोच होती, काचेचं आर्मोनिका हवं होतं. बेंजामिन फ्रँकलिनने १७६१मध्ये बनवलेलं हे वाद्य : लहान-मोठ्या काचेच्या वाट्या एकात एक बसवून आडव्या दांड्यावर ओवायच्या, पायाने दांडा फिरवायचा आणि ओल्या बोटांनी वाट्यांच्या कडा घासायच्या. जलतरंगात काठीचा ठोका असतो, इथे स्वर घासून उमटतो, म्हणून त्याची सुरुवात कुठे झाली ते कानाला सापडत नाही. बोटाला जरा तेलकटपणा राहिला तर वाटी बोलतच नाही. आवाज नाजूक, त्यामुळे मोठ्या नाट्यगृहात बाकीच्या वाद्यांना फार दबून वाजवावं लागतं. या वाद्याने मज्जातंतू बिघडतात, वाजवणाऱ्याला वेड लागतं, अशी त्या काळी बोलवा होती. म्हणजे ऐकणाऱ्याला नुसत्या नादातूनच इशारा मिळत होता. पण तालमींच्या वेळी वादकाचं आणि नाट्यगृहाचं बिनसलं, आणि दोनित्सेत्तीने हस्तलिखितात तो भाग खोडून बासरीला दिला. बेव्हर्ली सिल्स या गायिकेच्या १९७०च्या ध्वनिमुद्रणात काचेचं वाद्य पुन्हा ऐकू येतं. बासरी लुचियाला सोबत करते. काच तिच्या डोक्यातच वाजत असल्यासारखी वाटते. मला काचच योग्य वाटते.

रंगमंचावर वेडी होणारी बाई त्याआधी अडीचशे वर्षं प्रेक्षकांच्या ओळखीची होती. फ्लॉरेन्सला १५८९मध्ये मेदिची घराण्याच्या लग्नसोहळ्यात इसाबेल्ला आंद्रेइनी या नटीने 'इसाबेल्लाचं वेड' सादर केलं. 'हॅम्लेट'च्या १६०३च्या पहिल्या छापील प्रतीत रंगसूचना आहे की ऑफेलिया ल्यूट हे तंतुवाद्य वाजवत, केस मोकळे सोडून, गात प्रवेश करते. मोकळे केस ही खूण तिथूनच हातात आहे. (मराठीत ही ऑफेलिया आगरकरांच्या १८८३च्या 'विकारविलसित'मधून आली.) ऑपेरात व्हेनिसला १६४१मध्ये 'ला फिंता पाझ्झा' गाजला. त्यातली देइदामिया वेडाचं सोंग घेते, तेही अकिलीसला लग्नाला राजी करण्यासाठी. आन्ना रेंझीने ती गायली. सोंग घेणाऱ्या बाईच्या हातात डाव असतो. पाइसिएल्लोच्या १७८९च्या 'नीना'पर्यंत सोंग संपलेलं असतं. प्रियकर मेला असं समजून नीनाला खरंच वेड लागतं आणि तो परतल्यावर ती बरी होते. 'लुचिया'च्याच वर्षी जानेवारीत पॅरिसला आलेल्या बेल्लिनीच्या 'ई प्युरितानी'मधली एल्विराही अशीच बरी होते. लुचिया होत नाही.

दोनित्सेत्तीच्या पिढीत हे प्रवेश इतके का आले, याचं एक कारण साधं होतं. ऑपेरा गायिकेच्या नावावर चाले, शेवटच्या अंकात तिला एकटीला मोठी जागा द्यावी लागे, आणि वेड ही अशी सबब होती की तिथे कितीही अवघड तान खपून जाई.

मग ही तान सुंदर असावी का? संगीतकार व्हेर्दीने १८४८मध्ये याच काम्मारानोला पत्र लिहिलं. नेपल्सला 'मॅक्बेथ' व्हायचा होता आणि लेडी मॅक्बेथसाठी एउजेनिया तादोलिनी या गायिकेचं नाव होतं. व्हेर्दीची तक्रार अशी की ती फार निर्दोष गाते, दिसायला देखणी आहे; त्याला कठोर, घुसमटलेला, पोकळ आवाज हवा होता, आणि लेडी मॅक्बेथने गाऊच नये असं त्याचं म्हणणं होतं. तादोलिनी म्हणजे दोनित्सेत्तीच्या 'लिंदा' या ऑपेराची पहिली नायिका. त्या 'लिंदा'लाही वेड लागतं. संगीतकार श्यॉनबेर्गने १९०९मध्ये 'एरवार्तुंग' हा ऑपेरा लिहिला तेव्हा साचाच मोडला : जंगलात प्रियकराला शोधणारी एकच बाई, सुमारे अर्धा तास, आणि कुठलीही चाल पुन्हा येत नाही. संहिता मारी पापेनहाइम हिची. ती वैद्यकाची पदवी घेतलेली बाई होती.

प्रेक्षकाच्या बाजूने पाहायचं तर फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' या कादंबरीत नायिका एम्मा रुआंच्या नाट्यगृहात हाच ऑपेरा बघते. लग्नाच्या प्रसंगात ती लुचियाच्या जागी स्वतःला पाहते, गहिवरते. मग मध्यंतरात जुन्या ओळखीतला, मनात भरलेला लेओं भेटतो, आणि वेडाचा प्रवेश येतो तेव्हा तिला त्यात काहीच वाटत नाही. गायिका अतिच करतेय, असं तिला वाटतं. प्रवेश संपायच्या आतच ते बाहेर पडतात.

आता प्रयोगाबद्दल. ऑपेरा लांब होतो म्हणून एकोणिसाव्या शतकापासून काही जागा सर्रास गाळल्या जातात. त्यात दुसऱ्या भागातला रायमोंदो आणि लुचियाचा प्रवेशही असतो. धर्मगुरूने आशीर्वाद न दिलेल्या आणाभाकांना देवाजवळ आणि जगात किंमत नाही, असं तो तिला सांगतो. मेलेल्या आईची आठवण देतो, भावावरचं संकट पुढे करतो, आणि तिला नमवतो. हा प्रवेश काढला की तिच्यावर दबाव टाकणारा फक्त भाऊ उरतो, तिचा धीर सुटतो ती नेमकी घडी दिसत नाही आणि पुढचं वेड आकाशातून पडल्यासारखं येतं. वेळ वाचवायचाच असेल तर मेल्बाची कॅडेन्झा आखडावी. तिच्याविना कथेचं काही अडत नाही. ती ठेवलीच, तर बासरीवाल्याने एक गोष्ट सांभाळावी लागते. अंक सरता सरता बासरी तापून सूर किंचित चढतो, गळा मात्र चढत नाही. आणि वाद्यवृंद थांबल्यामुळे तो फरक झाकायला काहीच नसतं.

लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१६ साली केटी मिचेल या दिग्दर्शिकेने रंगमंचाचे उभे दोन भाग केले. एका बाजूला पुरुषांची भांडणं आणि शपथा चाललेल्या असताना दुसऱ्या बाजूला शेजघर दिसत राहतं, आणि रायमोंदो नुसता सांगतो तो खून तिथे प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत होतो. आर्तुरो पटकन मरत नाही. त्यानंतर लुचिया 'इल दोल्चे सुओनो' गायला लागते.