इव्हेंट मॅनेजमेंटला जायचंय? खान्देशातल्या बारावीच्या मुलांसाठी प्रवेशाची रीतसर वाट

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या चौकाचौकांत 'एका वर्षात इव्हेंट मॅनेजर व्हा' असे बोर्ड झळकतात. पैसे भरण्याआधी एकच विचारा: प्रमाणपत्रावर सही कोणाची? विद्यापीठाची, की महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाची? 'संस्था रजिस्टर्ड आहे' हे काही त्याचं उत्तर नाही. संस्था नोंदणीकृत असली म्हणून तिचा कोर्स मान्यताप्राप्त ठरत नाही. असे सगळेच क्लास टाकाऊ असतात असं नाही, पण तिथे भरलेल्या फीवर सरकारी सवलत मिळेल या आशेवर राहू नका.

सरळ वाट बीबीए किंवा बीएमएस या व्यवस्थापनाच्या पदव्यांची. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या मान्यतेखाली आले आणि राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) सेलने त्यांच्यासाठी बीसीए, बीबीए, बीएमएस, बीबीएम अशी एकत्र सीईटी सुरू केली. पदवीवर बहुतेकदा 'इव्हेंट मॅनेजमेंट' असं लिहिलेलं नसतं. काही कॉलेजांत तो ऐच्छिक विषय असतो, काहींत मार्केटिंगच्या पोटात येतो, तर काहींत मुळीच नसतो. म्हणून बहिणाबाई चौधरी विद्यापीठाचं कॉलेज असो की पुण्या-नाशिकचं, आधी तिन्ही वर्षांची विषययादी मागून घ्या. माहितीपत्रकातल्या रोषणाईच्या फोटोंवर जाऊ नका.

पात्रता सोपी आहे. बारावी कोणत्याही शाखेतून, इंग्रजी विषय घेऊन. निकाल यायचा असला तरी सीईटीला बसता येतं. आर्ट्सची मुलं उगाच बिचकतात. पेपर १०० प्रश्नांचा, वेळ ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आतापर्यंतच्या साच्यात इंग्रजीला ४०, तर्कशक्तीला ३०, सामान्य ज्ञान आणि संगणकाला प्रत्येकी १५ प्रश्न होते. पेपर इंग्रजीतून असतो, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनी तयारीचा निम्मा वेळ तिकडे द्यावा. त्या वर्षीची माहितीपुस्तिका आली की फी, तारखा आणि साचा तिच्यातून पक्का करून घ्या.

यानंतर बरीच मुलं चुकतात. सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं त्यांना वाटतं. निकालानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाची, नोंदणी वेगळी करावी लागते. तिथे कागदपत्रं अपलोड करायची, त्यांची छाननी होते, तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, हरकतीला मुदत मिळते, मग अंतिम यादी आणि कॉलेजांचा पसंतीक्रम. पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत जाता येत नाही. तेव्हा मित्राने भरलं म्हणून तेच कॉलेज पहिलं टाकू नका.

कागदांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधार हे तर लागतातच. खरी धावपळ होते ती जातीच्या कागदांची. राखीव जागेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता (दाखला पडताळून समितीने दिलेलं प्रमाणपत्र) लागते. ती महिनोन्‌महिने रखडते, म्हणून अर्ज बारावीचं वर्ष सुरू होताच कॉलेजच्या शिफारशीसह टाकावा. वंशावळीचं शपथपत्र, वडील-आजोबांचे शाळेचे जुने दाखले यांची शोधाशोध दिवाळीच्या सुटीत उरकली तर बरं. काका किंवा चुलतभावाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत जोडाच, मोठा आधार मिळतो. ओबीसी, व्हीजेएनटी, एसईबीसीला (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्रही लागतं, आणि ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाअखेरच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यात काढा, केंद्राच्या नाही. सेतूवर अर्ज देतानाच हे बजावून सांगा. वैधतेसाठी अर्ज केल्याची पावती नोंदणीला चालते, पण ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे सुरत. उधना, लिंबायत भागात खान्देशची किती कुटुंबं आहेत हे सांगायला नको. मुलगा दहावी-बारावी तिकडे शिकला म्हणून तो परराज्याचा ठरत नाही. त्याचा स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास असेल तर 'ब' प्रकारात, म्हणजे टाइप बी मध्ये, त्याला महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. मात्र गुजरातच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि इथल्या दाखल्यावरचं नाव जुळतं का हे आधी ताडून पाहा. 'पाटील' एका ठिकाणी शेवटी आणि दुसऱ्या ठिकाणी सुरुवातीला, एवढ्यावरही अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो.

फीचं गणित कॅपला बांधलेलं आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत पद्धतीने प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. यासाठी आणि इतर शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर वेगळा अर्ज करावा लागतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं तयार ठेवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली, हे कॉलेजवाले आपणहून सांगतीलच असं नाही.

आता वडिलांचा, म्हणजे घरोघरच्या आप्पांचा, प्रश्न: "नोकरी लागी का?" ते मुलाने पदवीच्या काळात काय काम केलं यावर आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोडेबाजार भरतो. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. असल्या ठिकाणी पार्किंग, पाणी, वीज, मंडप कसा उभा राहतो ते जवळून बघा. पोलिसांच्या परवान्यासाठी अर्ज कोण घेऊन जातं, रात्री १० नंतर भोंगा का बंद करावा लागतो, ध्वनिप्रदूषण नियम २००० काय म्हणतात, हे ज्याला माहीत तोच पोरगा उद्या आयोजकाला हवा असतो. स्वयंसेवक म्हणून राबलात तर पत्र मागून घ्या. कॅपच्या गुणवत्ता यादीत त्याला शून्य किंमत आहे, मुलाखतीत मात्र ते उपयोगी पडतं.

जागा मिळाल्यावर जागा-स्वीकृती शुल्क ऑनलाइन भरा आणि दिलेल्या मुदतीत मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हा. तिथे सगळे मूळ दाखले जमा करायच्या आधी प्रत्येकाच्या दोन-तीन साक्षांकित प्रती काढून ठेवा, महाडीबीटीला आणि वसतिगृहाला पुन्हा तेच मागतात.