नागीण : मज्जासंस्थेवरील असामान्य परिणाम

कांजिण्यांचा व्हॅरिसेला झोस्टर विषाणू मेरुरज्जूलगतच्या व मस्तिष्क-तंत्रिकांच्या (मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या) गुच्छिकांत, म्हणजे चेतापेशींच्या गाठींत, सुप्त राहतो आणि बहुधा उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यावर पुन्हा सक्रिय होतो. अंगाच्या एका बाजूला फोड व मागाहून रेंगाळणारी कळ, हे नागिणीचे नेहमीचे चित्र. पुढील प्रकार क्वचित आढळतात.

चेहऱ्याचा लकवा व कानात फोड ही जोडी रॅमसे हंट यांनी १९०७ मध्ये वर्णिली आणि विकृतीचे मूळ जानुवत् गुच्छिकेत (आनन-तंत्रिकेवरील, म्हणजे चेहऱ्याच्या नसेवरील, गाठीत) मानले. १९४४ मध्ये डेनी-ब्राउन व सहकाऱ्यांना शवपरीक्षेत ती गुच्छिका जवळपास शाबूत, तर आनन-तंत्रिकाच दाहग्रस्त आढळली. तपासलेले नमुने थोडे असल्याने हंट यांचे मत मोडीत निघाले असे म्हणता येत नाही. तरी तंत्रिकादाहाची बाजू अधिक पटते.

पुरळाविना नागीण (फोड न येता होणारी कळ) दीर्घकाळ संशयास्पदच मानली जाई. १९९४ मध्ये दोन रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात (मेंदू व मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात) विषाणूचे डीएनए सापडल्यावर तिला आधार मिळाला.

डोळ्याभोवतीच्या नागिणीनंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी विरुद्ध बाजूचा पक्षाघात होऊ शकतो. विषाणू त्रिमूल तंत्रिकेच्या (चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेच्या) तंतूंवाटे मेंदूच्या धमन्यांत पोचतो, असे मानतात. अशा वेळी पीसीआर (विषाणूचे डीएनए शोधणारी चाचणी) नकारार्थी येऊ शकतो. मस्तिष्क-मेरुद्रवातील विषाणूविरोधी प्रतिपिंडे अधिक भरवशाची. वृद्धांतील शंखधमनीदाहाशी (कानशिलाच्या धमनीच्या दाहाशी) याच विषाणूचा संबंध २०१५ मध्ये मांडला गेला, पण पुढील अभ्यासांत तो सातत्याने आढळला नाही.

नागपूर परिसरात फोडांवर गेरू लावणे, नागीण उतरवून घेणे चालते. पुरळाची दोन्ही टोके जुळली की माणूस दगावतो, ही समजूतही आहे. पुरळ सहसा मध्यरेषेपाशीच थांबते. हात-पाय लुळे पडून रुग्ण मेडिकल वा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत येईपर्यंत खपल्या गळालेल्या असतात, आणि जुनी नागीण कोणी आपणहून सांगत नाही. म्हणून कपाळ, पापणी व केसांच्या कडेचे व्रण पाहावे लागतात. विदर्भात सिकलसेल विकार बराच आढळतो. अशा मुलाला पक्षाघात झाल्यास दोष त्याच विकाराला दिला जातो. मागील वर्षभरात कांजिण्या येऊन गेल्या का, हेही विचारायला हवे.

धमन्या बाधित असल्यास असायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध शिरेवाटे, दर किलो वजनास १० मिग्रॅ., आठ तासांनी, साधारण १० ते १४ दिवस देतात. नागिणीमुळे पोटाचे स्नायू दुबळे होऊन येणारा फुगवटा हर्नियासारखा दिसतो. तो बहुतेकदा काही महिन्यांत ओसरतो, शस्त्रक्रिया लागत नाही.