ताम्रपट, अमरपट्टा आणि आचंद्रार्क: 'कायमचे' सांगणाऱ्या शब्दांची पार्श्वभूमी

निवडणुका जवळ आल्या की एक वाक्य हमखास कानावर पडते: सत्तेचा ताम्रपट घेऊन कोणी जन्माला येत नाही. कोणाच्या घरी मृत्यू झाला की समाचाराला आलेली वडीलधारी माणसे म्हणतात, अमरपट्टा कोणाला मिळालाय? ताम्रपट काय आणि पट्टा काय, दोन्ही नावे जमिनीच्या कागदपत्रांची. शाश्वत, सनातन, अविनाशी हे शब्द पोथ्यांतून आले. पण रोजच्या मराठीत 'कायमचे' म्हणून जे बोलले जाते, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचे मूळ दानपत्रांत आणि दफ्तरांत सापडते.

महाराष्ट्रातला याचा एक फार जुना पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या दहाव्या लेण्यात प्राकृत लेख कोरवला. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) 'अक्षयनीवी' ठेवली, म्हणजे मुद्दल कधीही मोडायचे नाही, खर्च फक्त व्याजातून करायचा. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, २,००० कार्षापण शेकडा १ दरमहा व्याजाने, दुसऱ्या श्रेणीकडे १,००० पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ द्यायचे ठरले होते. हिशोब तंतोतंत जुळतो. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, हेही लेखातच सांगितले आहे. 'अक्षय' या शब्दामागे इथे कोणताही चमत्कार नाही. व्याजाचा दर आहे, ठेव सांभाळणारी श्रेणी आहे, नोंद आहे. आजच्या संस्थांचा 'कायम निधी' याच तत्त्वावर चालतो.

पुढे राष्ट्रकूट, शिलाहार, यादवांच्या काळात जमिनीची दाने ताम्रपटांवर आणि शिळांवर नोंदवली जात आणि 'आचंद्रार्क' हा शब्द त्यांत ठरलेला असे. चंद्र आणि सूर्य असेपर्यंत हे दान चालेल, असा त्याचा अर्थ. 'यावच्चंद्रदिवाकरौ' हे त्याचेच दुसरे रूप. ज्याला अक्षरे वाचता येत नाहीत त्यालाही हे कळावे, म्हणून शिळेच्या माथ्यावर चंद्रसूर्य कोरत. कोकणात, मुंबई-ठाण्याच्या परिसरात ज्या गधेगाळी सापडतात, त्यांवर वर चंद्रसूर्य, मध्ये लेख आणि तळाला गाढव व स्त्री यांचे शिल्प असते. दान मोडणाऱ्याच्या आईला उद्देशून दिलेली ती शिवी आहे. परळला सापडलेल्या शिलाहार राजा अपरादित्याच्या इ.स. ११८७ च्या लेखात बाकी मजकूर संस्कृतात आहे, पण हा शाप मात्र मराठीत आहे. ज्यांनी घाबरायचे, त्यांना समजेल अशा भाषेत! राजाच्या वचनाची भिस्त शेवटी एका बाईच्या अब्रूवर ठेवली जावी, हे वाचताना आजही अंगावर येते.

ताम्रपटांच्या शेवटी येणारे श्लोकही पाहण्यासारखे आहेत. जमीन देणारा ६०,००० वर्षे स्वर्गात राहतो आणि ती हिरावून घेणारा तितकीच वर्षे नरकात, असे एक श्लोक सांगतो. म्हणजे स्वर्गालाही मुदत होती. बिनमुदत होती ती फक्त जमीन. दुसरा श्लोक म्हणतो की सगरापासून कितीतरी राजांनी ही भूमी दिली, जेव्हा ज्याची भूमी तेव्हा त्याला तिचे फळ. राज्ये बदलतात हे दान देणाऱ्याला पुरते ठाऊक होते. म्हणूनच त्याने पुढच्या राजालाही पुण्यात वाटेकरी करून घेतले.

मराठेशाहीत चंद्रसूर्याच्या जोडीला दफ्तराची भाषा आली. इनामपत्रात 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' लिहायचे आणि शेवटी अंमलदाराला बजावायचे: 'प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे', पत्राची प्रत लिहून घेऊन अस्सल पत्र भोगवटियास, म्हणजे हक्काचा पुरावा म्हणून, परत देणे. दरवर्षी नवे पत्र आणायला लावले की कायमचा हक्क वर्षावर येतो, हे त्या कारकुनांना पक्के माहीत होते.

माणसांच्या आयुष्यासाठीचे शब्दही पत्रव्यवहारातूनच घट्ट झाले. धाकट्याला लिहिताना 'चिरंजीव राजश्री' असा मायना घालत. त्याचा संक्षेप 'चि.' आजही लग्नपत्रिकेवर वरवधूंच्या नावांआधी छापला जातो. पुराणातल्या सात चिरंजीवांत हनुमान, बिभीषण, परशुराम आहेत तसा अश्वत्थामाही आहे, ज्याला न मरणे हीच शिक्षा झाली. नर्मदाकाठी तो जखमेसाठी तेल मागत फिरतो, असे सांगणारी माणसे अजून भेटतात.

कायमच्या हक्काला पहिला मोठा धक्का दिला तो इनामांची तपासणी करणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनने. १८५२ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले, आणि पिढ्यानपिढ्या जमीन खाणाऱ्यांना अस्सल सनद दाखवा, असे विचारले जाऊ लागले. पण वंशपरंपरेची दुसरी बाजू याहून कठोर होती. महार वतनात, म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात मिळालेल्या वंशपरंपरागत हक्कात, जमीन थोडी आणि गावकीची कामे मात्र रात्रंदिवस; बाप गेला की तीच वेठ मुलाच्या वाट्याला. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडले, ते याच साखळीविरुद्ध. त्या विधेयकाचा त्या वेळी कायदा झाला नाही. 'पुत्रपौत्रादि' या शब्दात एकाला मालकी दिसत होती आणि दुसऱ्याला बेडी, हे मराठी माणसाने विसरू नये असे मला मनापासून वाटते.

स्वातंत्र्यानंतर हे सगळे भराभर संपले. परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, खासगी इनामे १९५२ च्या आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या. चंद्रसूर्याची ग्वाही असलेली पत्रे पेटाऱ्यात राहिली. टिकली ती मुख्यतः देवस्थान इनामे. कायद्याच्या दृष्टीने देव ही व्यक्ती आहे, तीही कायम अज्ञान, म्हणजे कधीच सज्ञान न होणारी. तिला मृत्यू नाही, म्हणून वारस नोंदही नाही. त्या सातबाऱ्यावर 'देवस्थान इनाम वर्ग ३' असा शेरा असतो. कब्जेदार म्हणून देवाचे नाव लागते, पुजारी वा वहिवाटदाराचे इतर हक्कात, आणि त्यांना ती जमीन परस्पर विकता येत नाही.